आडातलं, पोहऱ्यातलं

क्लाइपेडा बंदराच्या जुन्या तिकीटघरात
मंगळवारी संध्याकाळी माझा वर्ग भरतो.
सात खुर्च्या, एक हीटर,
तोही मनात आलं तर चालणारा.
वायडोटास सर्वांत मागे बसतो.
एकोणतीस वर्षं क्रेन चालवली त्याने,
आता बहिणीच्या मासळीच्या दुकानाची
वेबसाइट करायला घेतली आहे.
कळफलकावर त्याची बोटं
कंटेनर उतरावा तशी उतरतात,
सावकाश, आणि एकदाच.

वर्ग म्हणजे साचा, मी म्हणते,
साच्यात कुणी मासे ठेवत नाही.
तो मान हलवतो.
मान हलवणं आणि कळणं
यांत केवढी खाडी असते, मला माहीत आहे.

पहिल्या आठवड्यात 'सेल्फ' लिहायचंच त्याने टाळलं.
'आतल्या आत कुणी स्वतःला हाक मारतं का?'
फंक्शन संपलं, आणि ग्राहकाचं नाव
काचेवरच्या वाफेसारखं निघून गेलं.

दुसऱ्या आठवड्यात टोपलीला त्याने
ग्राहकाची लेक केली, रीतसर वारसाहक्काने.
का, तर नाव-पत्ता पुन्हा लिहायला नको.
मग टोपलीलाही जन्मतारीख आली,
आणि वाढदिवसाच्या सवलतीचा मेल
टोपलीच्या नावाने गेला.
आम्ही हसलो.
तोही हसला, जरा उशिरा.

नोव्हेंबरात दुकान चालू झालं.

वस्तूंची यादी त्याने वर लिहिली होती,
वर्गाच्या उंबरठ्यावर,
जन्माच्या फंक्शनच्या बाहेर.
एकच ओळ, चार जागा डावीकडे.
त्याच्या लॅपटॉपवर सगळं ठीक चाललं,
कारण तिथं ग्राहक तो एकटाच.
सर्व्हर मात्र झोपत नाही,
आणि जे एकदा हातात पडलं
ते आपणहून खाली ठेवत नाही.

शुक्रवारी रात्री याद्वीगाचा, बहिणीचा, फोन.
शाळेतून निवृत्त झालेल्या ब्रोन्येने
मागितली होती धुरी दिलेली एक वाम, लहानशी.
टोपलीत निघाली वाम,
कुणाचे तरी अकरा हेरिंग,
कुणाच्या तरी बाप्तिस्म्याचं चार किलो सामन,
आणि जहाजावरच्या स्वयंपाक्याने मागवलेलं
जाडं मीठ, अर्धं पोतं.
बिल तीनशे अठरा युरो.
सगळ्यांनाच तेवढं. सब घोडे बारा टक्के.

मंगळवारी मी फळ्यावर विहीर काढली.
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार,
हे खरंच.
पण इथं पोहऱ्यात काही नसलं
की तो गुपचूप आडात डोकावतो.
तू पोहरा दिलाच नाहीस कुणाला,
सगळ्या गावाने आडातच टाकलं,
आडातूनच काढलं.

वायडोटास बराच वेळ बघत राहिला.
हीटर बंद पडला, चालू झाला.
'माझं आणि आपलं,' तो म्हणाला,
'एवढंच ना?'

एवढंच.
यादी त्याने उचलली, आत नेली, 'सेल्फ'पाशी ठेवली,
क्रेनने ठेवावी तशी, न आदळता.

मी त्याला सांगितलं नाही
की पहिल्या नोकरीत मी एकच वर्ग लिहिला होता.
नाव 'व्यवस्थापक', ओळी दोन हजार.
तोच पैसे मोजायचा, तोच पासवर्ड तपासायचा,
तोच पत्रं पाठवायचा, पानंही तोच रंगवायचा,
आणि जन्मल्या जन्मल्या आधी डेटाबेसला फोन लावायचा,
काम असो वा नसो.
मी सुट्टीवर गेले की तो आजारी पडायचा.
अजून चालू आहे म्हणे.
हात लावायची कुणाची छाती होत नाही.

परवा याद्वीगा भेटली घाटावर.
सगळं सुरळीत, म्हणाली, ज्याचं त्याला मिळतं.
फक्त ब्रोन्ये दर वेळी वाम न्यायला येते
आणि विचारते,
त्या बाप्तिस्म्याचं काय झालं,
मुलगा होता की मुलगी?

वायडोटासने शोधून पाहिलं.
सर्व्हर पुन्हा चालू केला
तेव्हाच ती यादी पुसली गेली होती.